चार उलट्या सुऱ्या

१२ ऑगस्ट, सोमवार

ताई,

पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण एवढी ओळ वाचून फाड: तो परत पत्ते खेळायला यायला लागलाय, त्याच्याबरोबर एक मुलगी असते आणि पुढच्या महिन्यात त्यांचं लग्न आहे.

वाचलंस? आता फाडलंस तरी माझं काम झालं.

पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिच्या दारात ठिय्या मारून बसले होते आणि शेजारीपाजारी बघायला लागले होते. फोन नंबर मात्र तिने मेली तरी दिला नसता. तूच तसं बजावलं असणार.

काल चष्मेवाल्यांच्या हॉलवर स्पर्धा होती. तुझ्यावेळचंच सगळं आहे. तीच डुगडुगणारी टेबलं, खालच्या दुकानातून येणारी काचा घासायच्या मशीनची घरघर आणि प्रत्येक फेरीआधी चष्मेवाल्यांचं तेच प्रवचन: "मंडळी, पत्ता टेबलाला लागला की खेळला. चाल तोंडाने बोलायची. मनातली चाल मनातच राहते." माणूस दिवसभर लोकांना "हे अक्षर दिसतंय का" विचारतो आणि रविवारी पंच होऊन सूड घेतो.

तुझा डेक, तुझा तो लढाईच्या पत्त्यांचा गठ्ठा, माझ्याकडे आहे. तू पेटी नेलीस तेव्हा तो चुकून मागे राहिला की मुद्दाम ठेवलास, ते मी विचारणार नाही. कुत्रे, कोल्हे, लांडगे, सगळे भुकेले, सगळे स्वस्त. हॉलमध्ये त्याला 'तोडफोड' म्हणतात. पहिल्या चालीपासून अटॅक, ब्लॉक करायचं नाही, समोरच्याचे वीस लाइफ संपेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. काल एका इलेक्ट्रिशियनला मी इतक्या लवकर झोपवला की त्याचा चहा अजून गरम होता. फक्त एक बदल केलाय. तू 'उलटी सुरी' चारच्या चार ठेवायचीस. मी दोनच ठेवते. आपले तीन लाइफ द्यायचे आणि समोरच्याचे पाच घ्यायचे, हा सौदा मला कधी पटला नाही. मला दुसऱ्याचं रक्त चालतं, स्वतःचं नाही. तू म्हणायचीस, "लाइफ जपायला नसतं बाई, खर्चायला असतं. शेवटचा एक सोडला तर बाकीचे सगळे सुटे पैसे." मी ऐकलं नाही. मी कधी काय ऐकलंय म्हणा.

तर, तो. हॉलमध्ये त्याला अजून 'सर' म्हणतात. क्लास जोरात चाललाय. पोरांना जास्तीचे पत्ते फुकट वाटतो, हरला तर उठून हात मिळवतो, चष्मेवाल्यांच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करतो. गरीब गाय. डेकही तोच, नुसते भिंतींचे पत्ते, अडवायला. स्वतः मारत नाही. समोरचा येऊन डोकं आपटून आपटून थकला की मग सावकाश, एकेक वीट काढल्यासारखा, संपवतो.

ती मुलगी त्याच्या मागे खुर्ची घेऊन बसते. सरकारी लायब्ररीत कामाला आहे, म्हणून सगळे 'लायब्ररीवाली' म्हणतात. काल तिने शेजारच्या पोराला हसून सांगितलं, "अरे, सरांकडे शेवटची भिंत नाहीये." झालं. त्याने मान वळवली नाही की हसणं थांबवलं नाही. फक्त डावा हात खुर्चीच्या मागे नेला आणि तिची करंगळी धरली.

ताई, मी तिचा चेहरा पाहिला. तोंड मिटलेलं आणि नाकपुड्या फुगलेल्या. स्वयंपाकघरात तू माझ्याकडे पाठ करून उभी राहायचीस आणि मी तुला समोरच्या चकचकीत स्टीलच्या डब्यात पाहायची, तेव्हा तुझा असाच दिसायचा.

तिला दोन ओळी लिही. मी सांगून उपयोग नाही. मी टॉमीवाली. टायर काढायच्या लोखंडी टॉमीने त्याचं, तुझ्या तेव्हाच्या नवऱ्याचं, कोपर फोडणारी. तुझं ती ऐकेल.

धाकटी

१९ ऑगस्ट, सोमवार, दुपारची सुट्टी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तरी कुठे वाट बघत होते.

हाताला पट्टी आहे म्हणून अक्षर असं कुत्र्यामांजराच्या पायांचं. कारण पुढे येईल.

तू लिहीत नाहीस म्हटल्यावर मी स्वतः गेले लायब्ररीत. अंघोळ करून, नखांतलं ग्रीस काढून, तुझा निळा कुर्ता घालून. ती शिक्के मारत होती. मी हळू आवाजात म्हटलं, "तुमच्याशी सरांबद्दल बोलायचंय." तिने शिक्का खाली ठेवला आणि म्हणाली, "तुम्हीच ना त्या, ज्यांनी त्यांचा हात मोडला?"

त्याने आधीच सगळं सांगून ठेवलंय. बायको मनाने आजारी होती म्हणे. स्वतःलाच इजा करून घ्यायची. मेहुणी तर डोक्याने फिरलेली, एकदा टॉमी घेऊन अंगावर आली, तरी सरांनी मोठ्या मनाने केस मागे घेतली. चोराच्या उलट्या बोंबा. आणि मी काय केलं असेल? मी काउंटरवर मूठ आपटली. शिक्क्याची डबी उडाली, तिच्या ओढणीवर शाई सांडली आणि बाकावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. ती मागे सरकली. तिच्या डोळ्यांत मी अगदी तशीच दिसले, जशी त्याने रंगवली होती.

"पुन्हा आलात तर पोलिसांना सांगेन," ती म्हणाली. करंगळीला चिकटपट्टी होती.

तिथून कामावर, टायरच्या दुकानात आले आणि एका वाकड्या रिमला हातोड्याने इतकं हाणलं की मालक बाहेर येऊन म्हणाले, "अगं बाई, गिऱ्हाइकाला ती परत द्यायचीय." मी सोडली. ती रिम भंगारात गेली.

आता कालचं. तिसऱ्या फेरीत माझं नाव त्याच्यासमोर लागलं. जिंकणाऱ्यांना जिंकणाऱ्यांसमोर बसवतात, कधीतरी होणारच होतं. मी बसले. त्याने हात पुढे केला, मी दिला नाही. डेक पिसून मी पुढे ठेवला. तो म्हणाला, "आपण घरचे, कापायचं कशाला?" आणि माझ्या डेकवर बोटाने टकटक केलं.

आपली टकटक, ताई. पिसलेला डेक समोरच्याने कापायचा हा नियम आणि विश्वास असला तर न कापता नुसतं बोट वाजवायचं, हा तुझामाझा रिवाज. इतक्या वर्षांत आपण दोघींनी एकमेकींचा डेक एकदाही कापला नव्हता. जायच्या आदल्या संध्याकाळी तू माझा कापलास. नीट दोन भाग केलेस, खालचा वर ठेवलास. तेव्हाच मला कळलं की तू जाणार.

आणि त्या माणसाने त्याच डेकवर बोट वाजवलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मग तो वाकून, पत्ते लावता लावता, ओठ न हलवता बोलायला लागला. काय बोलला ते इथे लिहीत नाही. एवढंच, की टायरच्या दुकानात जे बोलला होता तिथूनच पुढे सुरू केलं. मी मारत सुटले. जे हातात आलं ते टेबलावर, जे टेबलावर ते अटॅकला. सगळे कुत्रे भिंतीवर आपटून मेले. दोन्ही डाव गेले. मी उठले, संडासात गेले आणि भिंतीवरच्या फरशीवर बुक्की मारली. फरशी फुटली. हातही.

पण एक गोष्ट समजली. त्याला माझं रागावणं हवंच आहे. पोलिसांत लिहून दिलेला माझा चांगल्या वागणुकीचा बाँड अजून संपलेला नाही, हात उचलला की सरळ आत. तो त्या दिवशी हवा भरायला आला होता तेव्हाही तेच हवं होतं त्याला. दुकानातल्या कॅमेऱ्यात काय दिसलं? गाडीतून उतरलेला एक सभ्य माणूस हसून काहीतरी बोलतो आणि एक बाई टॉमी उचलते. कॅमेऱ्याला कान नव्हते. मग वकील म्हणाले, दोघांनीही आपापल्या केसेस मागे घ्या. तू घेतलीस. तुझ्या मोडलेल्या बोटाच्या बदल्यात मी सुटले.

तू तेव्हा विचारलं होतंस, तो असं काय म्हणाला? मी सांगितलं नाही. तुला वाटलं, काही म्हणालाच नव्हता. धाकटीला नेहमीप्रमाणे झटका आला.

वाटू दे.

पुढच्या रविवारी महिन्याची मोठी स्पर्धा आहे. तोही आहे.

धाकटी

२४ ऑगस्ट, शनिवार

ताई,

घाईत लिहितेय. उद्याची तयारी चाललीय.

डेकमध्ये चारही उलट्या सुऱ्या घातल्या. तुझा जुना डेक तसाच्या तसा.

दुसरी तयारी सांगितली तर हसशील. आमच्या शेजारी वेल्डिंगचं दुकान आहे, तिथला वेल्डर म्हणजे म्हशीएवढा माणूस आणि सशाएवढं काळीज. त्याला म्हटलं, मला एक थोबाडीत मार. तो म्हणाला, "बाई, मला बायको आहे, पोरं आहेत, मला जगायचंय." शेवटी महिनाभर पंक्चर फुकट काढून देईन म्हटल्यावर तयार झाला. त्याने मारली, नुसती टपली म्हण. माझा हात आपोआप वर गेला आणि त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं. मी माफी मागितली. दुसऱ्यांदा परत तेच. हातांना माझी गरजच नसते, ते स्वतःच ठरवतात.

मग युक्ती सापडली. लाकडी स्टुलावर बसायचं आणि दोन्ही पंजे मांडीखाली दाबून ठेवायचे, अंगाचं सगळं वजन त्यांच्यावर. आता मारून मारून वेल्डरचाच हात दुखायला लागला, पण माझे हलले नाहीत. त्याचा बिचाऱ्याचा रडवेला चेहरा झाला होता. म्हणाला, "हे कशासाठी चाललंय ते तरी सांगा." मी म्हटलं, "पत्त्यांसाठी." खोटं नाही बोलले.

तुझं पत्र आजही नाही. लायब्ररीवालीला लिहिलंस का? तिचा पत्ता पुन्हा खाली देतेय. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. तिने तुझं काय वाकडं केलंय?

धाकटी

२९ ऑगस्ट, गुरुवार, हॉस्पिटल

ताई,

घाबरू नकोस. जबडा दोन ठिकाणी मोडलाय आणि तारांनी बांधलाय. तीन दात गेले. डावा डोळा उघडत नाही पण आहे. बोलता येत नाही. मावशी म्हणते, देवाने उशिरा का होईना, ऐकलं.

आता सगळं सांगते.

अंतिम फेरीत मी आणि तो. बाकीचे सगळे हरलेले आणि चष्मेवाल्यांच्या दुकानातली दोन माणसं, सगळे कोंडाळं करून उभे. लायब्ररीवाली त्याच्या मागे खुर्चीवर. चिकटपट्टीच्या जागी आता पट्टी होती, करंगळी आणि शेजारचं बोट एकत्र बांधलेलं. पहिला डाव त्याने घेतला, दुसरा मी. तिसऱ्याला त्याने परत माझ्या डेकवर टकटक केलं. मी त्याचा डेक कापला. तीनदा कापला.

आणि मग मी अटॅकच केला नाही. तोडफोड डेक हातात घेऊन मी नुसती बसले, ताई. एकेक कुत्रा टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, "पास." पोरं कुजबुजायला लागली. तो माझ्याकडे बघत होता. बोलत होताच, वाकून, ओठ न हलवता. मी ऐकत होते आणि पास म्हणत होते. भिंती उभारून तो वाट बघत होता आणि भिंतीवर कुणी येऊन आपटतच नव्हतं. मागून कुणीतरी हसून म्हणालं, "सर, आज तुम्हालाच मारावं लागणार." डावाची वेळ संपत आली तेव्हा त्याने मारलं. मोठ्या दोन भिंती अटॅकला पाठवल्या. मी ब्लॉक केलं नाही. परत पाठवल्या. परत ब्लॉक केलं नाही. माझे सात लाइफ उरले. तो खूश झाला आणि सगळ्याच पाठवल्या, त्या मी एकेक म्हातारा कोल्हा बळी देऊन थांबवल्या आणि सात वाचवले. अटॅकला गेलेली भिंत मग अडवायला घरी नसते, हे त्याला मी सांगायला हवं होतं का?

मोठ्याने म्हटलं, "उलटी सुरी." सातचे चार. "उलटी सुरी." चारचा एक. आणि मग सगळे कुत्रे. मोजायची गरजच पडली नाही. चष्मेवाले म्हणाले, "डाव संपला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने उठून हात पुढे केला, तेच हसू. मी हात दिला नाही. खुर्चीत सरकून बसले आणि दोन्ही पंजे मांडीखाली घातले.

हो, मी त्याला डिवचलं. ठरवून डिवचलं. टेबलावरच्या चाली तोंडाने बोलायच्या असतात, तशाच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तो जे जे कुजबुजला होता ते मी परत म्हणायला सुरुवात केली. एक शब्द न बदलता.

ताई, हे वाचण्याआधी बस कुठेतरी.

मी म्हटलं, "सर मला आत्ता म्हणाले, करंगळीचं हाड पेन्सिलीसारखं असतं. मोडतानाचा आवाजही तसाच येतो. तुझ्या ताईला विचार."

मी म्हटलं, "सर म्हणाले, हिला अजून शिकवायचंय. हिला अजून आवाज न करता रडता येत नाही."

मी म्हटलं, "आणि टायरच्या दुकानात, गाडीची हवा भरताना, सर म्हणाले होते, तुझी ताई रडते तेव्हा तिच्या नाकातून शिट्टी वाजते, फार मजा येते, म्हणून मी थांबत नाही."

हे म्हणाला होता तो. हे मी तुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू माझ्यासमोर पुन्हा कधी रडली नसतीस. एवढंच कारण होतं, बाकी काही नाही.

त्याचं हसू कधी गेलं ते मला दिसलं नाही, कारण पत्त्यांचा पत्र्याचा डबा आला. त्याच्या डेकचा, कोपऱ्यांना पितळ लावलेला. पहिला फटका गालावर. काहीतरी करकर वाजलं, मला वाटलं डबा मोडला. माझे हात उसळले, आईशप्पथ सांगते, मांडीखालून बाहेर यायला धडपडत होते, मी त्यांच्यावर दाबून बसले. दुसरा जबड्यावर. तोंडात खडे भरल्यासारखं झालं. मी ते टेबलावर थुंकले, ते दात होते. तो ओरडत होता, "खोटं! खोटं!" आणि मारत होता, पोरं मागे पळत होती, पत्ते सगळीकडे उडत होते. तिसरा फटका डोळ्यावर बसला म्हणाले लोक. मला नाही आठवत. खुर्चीसकट पडले, तरी हात खालीच, म्हणून तोंड सरळ फरशीवर आपटलं. जबड्याचं दुसरं हाड तिथे गेलं, असं डॉक्टर म्हणतात. इलेक्ट्रिशियनने त्याला मागून मिठी मारून धरलं. त्याने त्याच्याही तोंडावर डोकं मारलं.

हवालदार आला आणि मला बघून म्हणाला, "परत तूच?" मग जबाब सुरू झाले. कुणी म्हणालं, भांडण झालं. कुणी म्हणालं, ती भडकच आहे, तिनेच काहीतरी केलं असेल. कुणी म्हणालं, सर असे नाहीत. आणि माझं तोंड असं, की एक अक्षर बोलता येईना. झालं, म्हटलं, गेले मी आत. तेव्हा चष्मेवाले पुढे आले. चष्मा पुसला, घातला आणि म्हणाले, "साहेब, मी या खेळाचा पंच आहे. या बाईंचे दोन्ही हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडीखाली होते. पडतानासुद्धा. मी ते पाहिलंय, ह्यांनीही पाहिलंय, ह्यांनीही पाहिलंय." आणि एकेकाकडे बोट दाखवत गेले. एकेक जण मान खाली घालून हो म्हणत गेला. हात उचलल्याशिवाय बाँड मोडत नाही. तो आत आहे.

इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पुढचं नाही झालं.

लायब्ररीवाली काल इथे आली होती. माझ्या तोंडाकडे बघू शकली नाही. म्हणाली, "तुम्ही त्यांना फार टोचलंत. सगळ्यांसमोर इतकं बोलल्यावर कुणाचाही तोल गेला असता." त्याची आई रोज तिच्या घरी येऊन रडते. जामीन होईल, लग्न पुढे ढकलू, मोडायचं कशाला, असं चाललंय. जाताना तिने तो बांधलेला हात ओढणीखाली घेतला.

माझं थोबाड तिला कमी पडलं, ताई. कारण मी टॉमीवाली आहे. मला मार बसला तर तो मी मागूनच घेतलेला असतो. आणि या वेळी ते खरंही आहे.

माझ्याकडे होते ते सगळे खर्चले. एक उरलाय. आता तुझी पाळी आहे.

धाकटी

४ सप्टेंबर, बुधवार

ताई,

तू समोर स्टुलावर बसली आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. काय करणार, तोंडाला तारा आहेत. मी लिहिते, तू वाचतेस आणि मग खिडकीकडे बघतेस.

मावशीने सांगितलं, तू सकाळी उतरलीस ती बॅग घेऊन आधी लायब्ररीत गेलीस. मग इथे. बरोबर केलंस. मावशी दारातच उभी होती, तिने सगळं पाहिलं. म्हणाली, तू काउंटरपाशी रांगेत उभी राहिलीस. तुझा नंबर आला तसा डावा हात पुढे केलास आणि काउंटरवर ठेवलास. ती करंगळी, आतल्या बाजूला वळलेली, जी आता कधी सरळ होणार नाही. लायब्ररीवालीने बराच वेळ त्या बोटाकडे बघितलं. मग स्वतःचा बांधलेला हात काउंटरखालून काढून शेजारी ठेवला. रांगेतला माणूस म्हणाला, "अहो, पुस्तक परत करायचंय." तिने त्याला सांगितलं, "थांबा." आणि स्वतःच्या आईला फोन लावला.

लग्न मोडलं. आता तुम्ही दोघी मिळून तक्रार देणार आहात, हे मला मावशीकडून कळलं. तुझ्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं, पण हावरटपणा नको.

तू अजून माझ्यावर रागावलेली आहेस. मला कळतं. आल्यापासून फक्त तीन गोष्टी बोललीस: "सूप पी", "डोळा चोळू नकोस" आणि नर्सला, "ही माझी बहीण". तिसरी मी चारदा मनात म्हणून पाहिली.

बघ, तू वाचतावाचता मी उशीखालून डेक काढलाय. पत्ते चष्मेवाल्यांनी फरशीवरून गोळा करून, एकेक पुसून आणून दिले. काहींच्या कडेला माझं रक्त आहे, ते गेलं नाही. तुझा दुसरा डेक तुझ्या बॅगेत आहे, मी पाहिलाय, नाटक करू नकोस. मी पिसते. जेवणाच्या ट्रेवर तुझ्यापुढे ठेवते. मी वर बघणार नाही, लिहीतच राहते. काप हवा तर.

तू उचललास. पत्ते उलटे करून बघायला लागलीस. हे नियमात बसत नाही ताई, समोरच्याचा डेक असा बघायचा नसतो, चष्मेवाले असते तर

तू त्यातल्या दोन उलट्या सुऱ्या काढून पर्समध्ये टाकल्यास आणि चेन लावलीस. म्हणालीस, "दोन पुष्कळ झाल्या." तूच म्हणायचीस ना, खर्चायला असतं म्हणून? मी लिहून विचारलं, तू वाचलंस आणि म्हणालीस, "मूर्ख होते मी."

मग रडलीस. शिट्टी वाजली नाकातून, थोडीशी. मी ऐकली. तुला माहीत होतं मी ऐकणार, तरी रडलीस.

डेक माझ्यासमोर परत आला. त्यावर तू बोट ठेवलंस, वाकडंच, आणि दोनदा वाजवलंस.

आता पेन ठेवते. पहिली चाल माझी आहे आणि पंचाईत अशी, की अटॅक तोंडाने बोलायचा नियम आहे, मनातली चाल मनातच राहते आणि माझं तोंड तर बांधलेलं.

तू म्हणतेस, "ट्रेवर ठोक. मला कळेल."